दारातली शर्यत

३ जून, मंगळवार

मोटारशर्यतीचे कठडे आले! सकाळी ट्रकमधून उतरवले आणि दुपारपर्यंत आमच्या फाटकापुढं उभेसुद्धा राहिले. आता महिनाभर बाजाराची पिशवी घेऊन त्यांच्यामधल्या फटीतून तिरकं होऊन घरात शिरायचं. फट दरवर्षी अरुंद होते की मी रुंद होते, देव जाणे. आबीलियु सज्ज्यात उभा राहून कामगारांना सूचना देत होता. त्यांनी विचारल्या नव्हत्या. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा नवरा इतका खुशीत नव्हता.

८ जून, रविवार

लेक नोएमिया ब्रागाहून आली. पोर आली की आधी माझे गुडघे बघते आणि मग तोच विषय काढते — घर विका, माझ्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट रिकामा आहे, लिफ्ट आहे. आबीलियुनं नेहमीचं उत्तर दिलं, त्या फ्लॅटखालून शर्यत जाते का?

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगून टाकलं. मला जायचंय ब्रागाला! दोघं बघतच राहिले. म्हटलं, नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात शर्यत दारातून जाते, आणि मी ती एकदाही पाहिलेली नाही. स्वयंपाकघर मागच्या अंगाला. खिडकीतून दिसतं काय, तर कोबीचा वाफा आणि कोंबड्यांचं खुराडं. पुढं सज्ज्यात दाटीवाटीनं माणसं आणि मागं मी तळत उभी. ताटल्या खुळखुळायला लागल्या की समजायचं, गाड्या आल्या.

"एकदाही नाही?" आबीलियु म्हणाला. "मग तू असतेस कुठं?"

मी टेबल आवरलं.

१० जून, मंगळवार

आज कॉफी ढवळत महाशय म्हणाले, "तू एकदा बघ. बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या दिवशीचं रांधणं माझ्याकडं. बघून झाल्यावर म्हणालीस, यात काही अर्थ नाही, तर घर विकू. शब्द देतो."

आबीलियुनं आयुष्यभर बस चालवली, पण दिलेला शब्द कधी मागं फिरवला नाही. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, चला, लिफ्ट मिळाली.

१२ जून, गुरुवार

तिकीट काढलं! सज्ज्यात बसण्यात अर्थ नव्हता. तिथं बसले असते तर पाच मिनिटांत कुणीतरी रिकामा ग्लास पुढं केला असता. आमच्या गल्लीचा नियमच आहे — एकदा जो तुमच्या सज्ज्यात बसला, तो जन्मभराचा. त्याला बोलवायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. तो येणारच, भुकेला येणार.

तिकीटखिडकीवरच्या पोरीनं नकाशा दाखवला. म्हटलं, हे वळणावरचं प्रेक्षकांचं स्टँड दे, इथून छान दिसेल. घरी येऊन बघते तर ते आमच्या घराच्या बरोब्बर समोर! आबीलियुनं कपाळावर हात मारला. शर्यतीच्या रस्त्यावर घर असताना तिकीट काढणारं या गल्लीत आजवर कुणी निपजलं नव्हतं म्हणे. संध्याकाळी फ्रान्सहून दीर आदेरितुचा फोन. म्हणाला, "काय वहिनी, दारात विहीर असून पाणी विकत घ्यायला निघालात?" बातमी फ्रान्सला पोचली, म्हणजे गल्लीत तर दुपारीच पोचली असणार.

२४ जून, मंगळवार

आबीलियु कोविल्येत, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या वाट्या, करायला शिकतोय. सांगितलं, खिमा आधी गार होऊ दे, मग कणकेच्या वाटीत भर. ऐकेल तर शपथ. गरम भरला. सगळं बूड फाटून ओव्हनमध्ये सांडलं. कोंबड्यांची चैन झाली.

४ जुलै, शुक्रवार

सराव सुरू. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. आदेरितु कुटुंबासह हजर. माझ्या तब्येतीआधी त्यानं तिकिटाची चौकशी केली.

६ जुलै, रविवार

बोटं दुखताहेत, घसा बसलाय, पण लिहायलाच हवं.

रस्ता बंद व्हायच्या आत सकाळीच टोपी घालून निघाले. स्टँडवर जाऊन बसले, फाटकं लागली, आणि आठवलं — जेवणाची पिशवी ओट्यावरच राहिली! पहारेकऱ्याला म्हटलं, अरे, ते समोरचं माझंच घर आहे, दोन मिनिटांत येते. "बाई, आता संध्याकाळीच," म्हणाला. स्वतःच्या दारासमोर बसून मी घराबाहेर अडकले. आमच्या गल्लीतला कुत्रासुद्धा असा मूर्खपणा करणार नाही.

शर्यत म्हणजे मुख्यतः वाट बघणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकडं तव्यासारखं तापलेलं. शेजारी कोईम्ब्राच्या दोना कुस्तोदिया. नर्स होत्या, आता निवृत्त. दरवर्षी एकट्या येतात, बसायला उशी घेऊन. त्यांनी मला पाव आणि सॉसेज दिलं. मग आमच्या सज्ज्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "त्या घरची बाई खरी भाग्यवान. राणीसारखी बसून बघत असेल." मी नुसतं पाव चावत राहिले.

आपलं घर समोरून असं बसून मी कधी पाहिलंच नव्हतं. छान दिसतं! मिरवणुकीला काढतो ती जांभळी चादर सज्ज्यावर टाकलेली होती, पण उलटी. सगळ्या गाठी जगाला दिसत होत्या. आत माणसं मावत नव्हती. आबीलियु माझा एप्रन बांधून आत-बाहेर करत होता. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात तो सज्ज्याच्या कठड्याशी आला आणि माझ्याकडं बघून ओरडला, "ग्रासिएत! दालचिनी कुठंय?"

"दुसऱ्या फडताळात!" मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा अख्खं स्टँड माझ्याबरोबर ओरडलं — "दुसऱ्या फडताळात!"

दोना कुस्तोदिया माझ्याकडं बघायला लागल्या. म्हटलं, हो, ते माझंच घर. "मग तुम्ही इथं काय करताय?" म्हणाल्या. म्हटलं, शर्यत बघतेय.

आणि मग मोठी शर्यत सुटली. आधी लांबून कापड फाडल्यासारखा आवाज, मग बाकडं थरथरलं, मग — गेल्या! दिसायच्या आतच गेल्या. एवढंच? यासाठी मी जन्मभर तळत होते? पहिल्या काही फेऱ्या मी नुसती चिडून बसले होते.

पण एक हिरवी गाडी होती. सगळे जिथं वेग कमी करायचे, तिथून ती दामटून पुढं यायची. आता आदळते असं वाटायचं, आणि ती अंग चोरून वळणातून निसटायची — आमच्या फाटकाच्या फटीतून मी निसटते तशी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी तिची वाट बघायला लागले. तिनं लाल गाडीला मागं टाकलं तेव्हा मी उभी राहून किंचाळले. मी! टोपी खाली पडली, ती पुढच्या माणसानं उचलून दिली.

तेवढ्यात आमच्या छपरामागून धूर. काळाकुट्ट. मासळीची भजी जळत होती, वासावरूनच कळलं. रस्ता ओलांडता येईना. धूर विरळ झाला तेव्हा कुठं मी खाली बसले.

शेवटच्या फेऱ्यांत दोन गाड्या एकमेकींना घासल्या. एक गरगर फिरत येऊन आमच्याच सज्ज्याखाली कठड्याला टेकून थांबली. चालक धडधाकट बाहेर आला, त्यानं हात हलवला, लोकांनी टाळ्या पिटल्या. सज्ज्यातली सगळी माणसं खाली वाकली होती. एक आबीलियु तेवढा नव्हता. तो आला तेव्हा गाडी ओढून नेली होती. हातात झारा. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतोय.

घरी आले तर ओट्यावर भांड्यांचा डोंगर आणि आबीलियु स्टुलावर, पाय टबात बुडवून. पाहुणे आपलंआपण वाढून घेत होते. भांडी दोघांनी मिळून घासली.

७ जुलै, सोमवार

कॉफी झाल्यावर त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. शर्यतीत काही अर्थ नाही. दिवसभर उन्हात वाट बघायची, आणि गाडी दिसायच्या आत जाते. पुढं हिरव्या गाडीचं सांगणार होते, पण तो उठलाच. तडक फोनपाशी गेला आणि नोएमियाला म्हणाला, गिऱ्हाईक बघ.

मला राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. पण फोन ठेवून तो म्हणाला, "काल तिथं दिवसभर उभा होतो. कोबीपलीकडं काही दिसत नाही गं. मला माहीतच नव्हतं."

मग अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकत बसला. मी जिंकले होते, आणि दिवसभर मला काही गोड लागलं नाही.

१६ जुलै, बुधवार

पोर्तूचे एक गृहस्थ घर बघायला आले, बायकोला घेऊन. आबीलियु खालमानेनं खोल्या दाखवत होता. सज्ज्यात गृहस्थांची कळी खुलली. इथं काच बसवू म्हणाले, शर्यतीला खुर्च्या भाड्यानं देऊ, खाणं-पिणं घरचंच. मग मागं आले, माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिले, खिडकीतून कोबी बघितला.

"वा, ही जागा उत्तम," म्हणाले. "मागं आहे, शांत आहे. हिला शर्यतीचा काही त्रास होणार नाही."

मी त्यांच्या बायकोकडं बघितलं. ती ओट्यावरून हात फिरवत होती, पातेली कुठं ठेवायची ते ठरवत असावी.

मी म्हटलं, "घर विकायचं नाही."

गृहस्थ आबीलियुकडं बघायला लागले. आबीलियु माझ्याकडं. म्हटलं, ऐकलंत ना? आणि पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. निघताना त्या बाईनं माझा हात जरा जास्तच वेळ धरला.

१७ जुलै, गुरुवार

नोएमिया फोनवर वैतागली. आई, तुझं एक काही ठरत नाही म्हणाली. म्हटलं, ठरलंय. गुडघ्यांना तेल लाव म्हणाली. लावते म्हटलं.

जेवताना आबीलियुनं हळूच विचारलं, "पण तूच म्हणालीस ना, काही अर्थ नाही?"

"शर्यतीत नाही म्हटलं. घरात नाही असं कुठं म्हटलं? आणि तू माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस."

मग सगळं सांगितलं. मिठाची बाटली हिरवी गाडी, मिरीची लाल, पावाची टोपली म्हणजे आमचं वळण. दरवर्षी शर्यत झाली की तो मला असंच सांगायचा, आणि मी दमून अर्धवट ऐकायचे. तो मात्र कान देऊन ऐकत होता. सज्ज्याखालच्या अपघातापाशी आले तेव्हा म्हणाला, तेवढं पुन्हा सांग. तीनदा सांगितलं. जेवण गार झालं.

२२ सप्टेंबर, सोमवार

झेफेरिनु गवंड्यानं आज शेवटची फरशी बसवली. आबीलियुची आरामखुर्ची आणि टीव्ही आता मागं, कोबीसमोर — त्यानंच उचलून नेले, मला हात लावू दिला नाही. शेगडी पुढच्या खोलीत आली, सज्ज्याच्या दाराशी. संध्याकाळी बटाटे तळता तळता मान वर केली. वळण अख्खं दिसतं.