जाळाजवळचं घर आणि माझी लेक

चुलीचा धूर! तेलकंपनीच्या डॉक्टरने माझ्या कागदावर खोकल्याचं कारण म्हणून हेच लिहिलंय. माझ्या घरात चूलच नाही, स्टोव्ह आहे. तसं सांगितलं तर म्हणाला, "मग लहानपणी असेल, बाई." त्याच्याच खिडकीतून तेलविहिरीवरचा जाळ दिसत होता, झाडाहून उंच, आणि हा माझं लहानपण शोधत बसला.

म्हणून मी, जिला गल्ली इस्त्रीवाली म्हणते, डोकं ठिकाणावर असताना, कोणी शिकवलेलं नाही आणि कोणाचा धाक नाही अशा स्थितीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. छाती गेली आहे, अक्कल नाही. शुद्धलेखन वकीलबाईंनी सुधारावे, मजकुराला हात लावू नये.

इस्त्री आणि टेबल शेजारच्या शिंपीदादांना. "खोकला आवरा, गिऱ्हाईक पळतं" असं गल्लीत एकट्या त्यांनीच कधी म्हटलं नाही. दिराने माझी शिडी नेली ती त्यालाच राहू दे, मागून मागून दमले. साठवलेले पैसे लेकीला, फक्त दुसरीकडच्या घरभाड्यासाठी. जावयाने त्यात मोटारसायकल बघू नये.

मेल्यावर मला आधी सरकारी इस्पितळात न्यावे. छाती उघडून आत काय निघालं ते लिहून घ्यावे आणि कंपनीच्या डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवावे. मग मला पुरावे. जाळू नये. जाळ पुष्कळ झाला.

आता घर. नवरा कंपनीत वॉल्व्ह फिरवायचा. विहिरीतून तेलाबरोबर येणारा गॅस जिथे जाळतात, त्याच्या लगत त्याने हौसेने हे घर घेतलं. रात्री दिवा नको, भर पावसात कपडे वाळतात, म्हणून लोकांना हेवा वाटला. जाळाभोवतीच्या कुंपणाच्या भिंतीला दोऱ्या बांधून मी अख्ख्या गल्लीचं धुणं तिथे वाळवलं. गरम गरम काढायचं, काजळी झटकायची, इस्त्री फिरवायची. नवरा खोकून खोकून गेला. लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलं. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, आणि परवा बघते तर त्याच दोरीवर बाळाची नवी दुपटी!

"काढ आधी ती."

"आई, लगेच वाळतात गं तिथे."

"आणि तूही इथून हल. लांब खोली बघ."

"यांची ड्युटी इथे. शिवाय तुला टाकून कुठे जाऊ?"

"मीच चाललेय, तू मला काय टाकतेस!"

ती हसली. मी हसले नाही.

तर लेकी, बाळंतपणाआधी तू जाळापासून लांब राहायला गेलीस तर घर तुझं. कुलूप लाव, पत्रे काढून वीक, फक्त राहू नकोस. नाही गेलीस तर घर तुझ्या काकाला, त्याच शिडीवाल्या दिराला. तो तुला एक दिवस ठेवायचा नाही, हे तू जाणतेस. म्हणजे जायचं तर आहेच. मालकीण म्हणून की हाकलून दिल्यावर, एवढंच तुझ्या हातात ठेवलंय.

ठिकाण: राहते घर. रविवार, ९ मार्च.
सही: इस्त्रीवाली
साक्षीदार: गल्लीतल्या सुईणबाई (अंगठा), किराणावाले काका (सही). शिंपीदादांना घेतलं नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही म्हणे.

वकीलबाई गुरुवारी हा कागद न्यायला येतील. बुधवारी संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर उभी राहून सांग, जातेस की नाही? "बघू" म्हणालीस तर मी "नाही" धरीन.