काही न्हाई म्हणजे ऑब्जेक्ट

मंगळवार, नांदेड

जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये सरांनी विचारलं, व्हेरिएबलमध्ये null असलं तर typeof त्याचा प्रकार काय सांगंल? null म्हणजे काहीच नसणं, म्हणून मी ठासून म्हणलं, "null!" माझी रूममेट, मुरुडची अश्विनी, हळूच म्हणाली, "ऑब्जेक्ट." म्हणजे वस्तू! जे न्हाईच, ते वस्तू कसं? पण तेच बरोबर निघालं. भाषेतली जुनी चूक हाय म्हणे. सर तिला शाब्बास म्हणले. मला कधी म्हणले का? आणि तिला typeof शिकवलं कुणी? मीच की!

रूमवर तिनं घरून आलेली शेंगाचटणी आधी माझ्या ताटात वाढली. "गप का गं? काय झालं?"

"काही न्हाई."

ती खुदकन हसली. "काही न्हाई म्हणजे ऑब्जेक्ट! काहीतरी हायच."

चटणी लई भारी होती. त्याचाच जास्त राग आला.