सतरा पॉइंट चार

६ जुलै, रविवार

पोचलो. जर्मनी स्वच्छ आहे. गावाच्या नावाचा उच्चार अजून जमत नाही, सरावाने होईल.

निघताना विरूपाक्ष मामांनी शिरूर अनंतपाळच्या चौकात बॅनर लावलं. ‘चि. रेवणसिद्ध याची युरोपातील जागतिक विज्ञान परिषदेसाठी निवड.’ परिषद नाही, पाच आठवड्यांचा केमिस्ट्रीचा समर कोर्स आहे. मी दुरुस्त करणार होतो, पण फोटो चांगला आला होता.

नांदेडच्या आमच्या कॉलेजातून दोघांची निवड झाली. मी आणि लुंबिनी सोनकांबळे, बिलोलीची. हुशार आहे, पण बोलत नाही फार. परदेशात तिला सांभाळून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आलीय, असं मी मनाशी ठरवलं आहे. विमानतळावर गेट तिनेच शोधलं. मी बॅगांवर लक्ष ठेवून होतो.

संकल्प: रोज पाचला उठणे. कोर्समध्ये पहिला येणे. जर्मन शिकणे.

७ जुलै, सोमवार

साडेआठला उठलो. जेट लॅग हा आळस नव्हे, मेडिकल प्रकार आहे.

वर्षभराचा अभ्यास पाच आठवड्यांत. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, दर शुक्रवारी टेस्ट. बाकीची मुलं घाबरली. मी नाही. दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन-गल्लीत काढलेल्या माणसाला कोण घाबरवणार?

शिकवायला डॉ. ब्रिगिटे लांगे. आखूड पांढरे केस, सायकलवर येतात. त्यांनी एक प्रश्न विचारला, मी पूर्ण डेफिनिशन सांगितली. त्या म्हणाल्या, हो, पण असं का होतं? मी डेफिनिशन परत सांगितली, जरा हळू. त्यांना माझा उच्चार कळला नसावा.

११ जुलै, शुक्रवार

टेस्ट. पुस्तक उघडं ठेवून लिहायला परवानगी! मला हसूच आलं. मी पुस्तक बंद ठेवलं. सगळं पाठ आहे.

१४ जुलै, सोमवार

शंभरात एकतीस. पेपर सदोष होता. जे पाठ केलं त्यातलं काहीच विचारलं नाही, मग पुस्तकात ते छापलं कशाला?

लुंबिनीला अठ्ठ्याहत्तर. मी तिचं अभिनंदन केलं. एका टेस्टवर जाऊ नकोस, असंही सांगितलं. ती ‘हाव’ म्हणाली आणि भात लावायला गेली. हॉस्टेलचं किचन एकच आहे. तिने घरून शेंगदाण्याची चटणी आणलीय. माझा डबा संपला, म्हणून तिच्याच चटणीवर चाललंय.

घरी फोन. अप्पांनी विचारलं, परीक्षा कशी झाली? चांगली झाली म्हणालो. मार्क त्यांनी विचारले नाहीत, त्यामुळे खोटं बोलायची वेळ आली नाही.

१६ जुलै, बुधवार

लॅब. दोघादोघांच्या जोड्या. मी आणि लुंबिनी. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये ॲसिड किती, ते काढायचं. वरच्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब अल्कली सोडायची. फिक्कट गुलाबी रंग आला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. सोपं आहे. बारावीला मला यात तीसपैकी तीस होते. तेव्हा ब्युरेटला हात लावायची वेळ आली नव्हती, इतका माझा कन्सेप्ट क्लिअर होता.

लुंबिनीचं रीडिंग नऊ पॉइंट दोन. मग नऊ पॉइंट तीन. तिसरं मी घेतलं. नळीची तोटी जरा सैल निघाली, अकरा झालं. ती म्हणाली, तुझं परत घे ना. मी म्हणालो, वेळ संपत आलाय, तू काचेचं सामान धू, रिपोर्ट मी टाइप करून अपलोड करतो. ती बरं म्हणाली.

१७ जुलै, गुरुवार

रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास केला. बाटलीवर पाच टक्के लिहिलं होतं. त्यावरून उलटं गणित केलं, तर रीडिंग सतरा पॉइंट चार यायला हवं. म्हणजे लुंबिनीची दोन्ही रीडिंग साफ चुकली होती! तिन्ही ठिकाणी सतरा पॉइंट चार लिहिलं. आपल्याकडे सगळे असंच करतात, याला रीडिंग ॲडजस्ट करणं म्हणतात. तिला सांगितलं नाही. स्वतःची चूक कळली असती तर तिला वाईट वाटलं असतं.

वर दोघांची नावं टाकली. माझं आधी, कारण टायपिंग माझं.

२१ जुलै, सोमवार

मोठी बातमी. डॉ. लांगेंनी वर्गात माझ्या रीडिंगचा उल्लेख केला. म्हणाल्या, तीन वेळा तंतोतंत तेच रीडिंग मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. बुधवारी रेवणसिद्ध सगळ्यांसमोर हा प्रयोग करून दाखवेल.

लुंबिनी माझ्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर विचारलं, कोणती तीन रीडिंग? मी म्हणालो, थोडं ॲडजस्ट केलंय. तिने विचारलं, थोडं म्हणजे? मी म्हणालो, आता कौतुक होतंय तर होऊ दे की. ती म्हणाली, रेवण, हे कौतुक न्हाई.

तिला अजून परदेशी लोकांची पद्धत कळलेली नाही.

मामांना मेसेज टाकला. त्यांनी लगेच गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना, गुरुपादप्पा सरांना कळवलं. शुक्रवारी मी शाळेतल्या मुलांना ऑनलाइन मार्गदर्शन करायचं ठरलं.

२३ जुलै, बुधवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सगळे टेबलाभोवती. तीच बाटली. मी आधी दोन मिनिटं मराठवाड्यातल्या विज्ञानशिक्षणाबद्दल बोललो. मग अल्कली सोडायला लागलो. नऊच्या आसपास गुलाबी झालं. मला माहीत होतं सतरा यायचंय, म्हणून मी थांबलो नाही. मागचा एक मुलगा ‘स्टॉप’ म्हणाला. मी त्याला हाताने थांबवलं. सतरा पॉइंट चारला तोटी बंद केली. फ्लास्कमधला रंग नवरीच्या शालूसारखा झाला होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

डॉ. लांगे शांतपणे म्हणाल्या, प्रत्येक बाटलीत मी स्वतः पाणी घातलं होतं, कशात कमी, कशात जास्त. लेबल बघून कुणी उत्तर लिहू नये म्हणून. मग आम्हा दोघांना समोर घेऊन विचारलं, ही रीडिंग कुणी लिहिली?

लुंबिनी माझ्याकडे बघत होती.

मी ‘वी’ म्हणालो.

इंग्रजीत ‘वी’ हा नम्रतेचा शब्द आहे. सायंटिस्ट लोक पेपरमध्ये ‘वी’च लिहितात. सवयीने आला.

दोघांनाही लॅबमध्ये शून्य. आणि हिवाळ्यात डॉ. लांगेंच्या लॅबमध्ये सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी लुंबिनीचं नाव जायचं होतं, ते थांबलं. मला हे प्रोजेक्ट माहीत नव्हतं. ती बोलत नाही ना फार.

२४ जुलै, गुरुवार

संकल्प: उद्या डॉ. लांगेंना भेटून सांगणे की रीडिंग मी बदलली, लुंबिनीला माहीत नव्हतं. आजच गेलो असतो, पण त्या मीटिंगमध्ये होत्या. दार थोडं उघडं होतं आणि आत त्या एकट्याच सफरचंद खात होत्या. पण ती मीटिंगच्या आधीची वेळ असू शकते.

किचनमध्ये चटणीचा डबा दिसला नाही. तिने खोलीत नेला असेल. तिचाच आहे.

२५ जुलै, शुक्रवार

टेस्ट दिली. पुस्तक उघडलं. कुठल्या पानावर बघायचं ते कळलं नाही.

दुपारी शाळेचं मार्गदर्शन. गावाकडे संध्याकाळ, तरी मुलं थांबवून ठेवली होती. हॉलमध्ये मामा पुढच्या खुर्चीवर, आई-अप्पा त्यांच्या शेजारी. आईने ठेवणीतली साडी नेसलेली. गुरुपादप्पा सरांनी आयत्या वेळी विषय दिला: विज्ञान आणि प्रामाणिकपणा.

बोललो. चांगलं बोललो, हीच तर वाईट गोष्ट आहे. टाळ्या पडल्या. मग साक्षी नावाच्या नववीतल्या मुलीने विचारलं, सर, तिथं प्रयोगशाळेचं कुलूप कोण उघडतं? मी म्हणालो, उघडीच असते. तिने विचारलं, मग कुणीबी आत जाऊन प्रयोग करू शकतं? मी हो म्हणालो. मी कॅमेरा बंद केला. नेटवर्क गेलं असं नंतर मामांना सांगितलं.

डॉ. लांगेंकडे जायला मग उशीर झाला.

२७ जुलै, रविवार

लुंबिनीच्या वडिलांचा फोन. साहेबराव काका, बिलोलीला तहसीलमध्ये असतात. माझा नंबर अप्पांकडून घेतला. म्हणाले, मार्गदर्शनाचा व्हिडिओ पाहिला, लई चांगलं बोललात. तुम्ही संगं हायत म्हणून आम्हाला घोर न्हाई. ‘तुम्ही’ म्हणत होते. माझ्या तोंडातून फक्त हाव काका, हाव काका.

फोन ठेवल्यावर ठरवलं. उद्याच.

२९ जुलै, मंगळवार

काल गेलो नाही. कबुलीचं इंग्रजी नीट हवं. मसुदा करतोय. ‘द रीडिंग्ज वेअर चेंज्ड.’ पॅसिव्ह व्हॉइस जास्त शास्त्रीय वाटतो. पण त्यात कुणी बदलली ते येत नाही. ‘बाय मी’ जोडून बघितलं. वाक्य फार जड होतं.

लुंबिनी लेक्चरला पुढे बसते आता. मी मागे.

३० जुलै, बुधवार

डॉ. लांगे आज सायकलस्टँडवर भेटल्या. मसुदा खोलीवर राहिला होता. गुड इव्हनिंग म्हणालो. सकाळचे दहा वाजले होते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं.

मसुदा खिशात होता, काढलाच नाही. म्हणालो, मी लिहिली, तिला माहीत नव्हतं, त्या दिवशी मी खोटं बोललो. तीन वाक्यं. नऊ दिवस कशाला लागले कोण जाणे.

मला वाटलं होतं त्या चिडतील, किंवा माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. फ्लास्क गुलाबी झाल्यावर थांबला नाही तो तू होतास, ती नव्हती. लुंबिनीने गेल्या शनिवारी येऊन सगळा प्रयोग परत केला. तिचं रीडिंग बरोबर आहे. तिचं नाव प्रोजेक्टला गेलं.

मी विचारलं, तिने माझं नाव सांगितलं का? म्हणाल्या, नाही. लॅब कधी रिकामी असते, एवढंच विचारलं.

म्हणजे माझ्या कबुलीचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

मग म्हणाल्या, उद्या लॅब उघडी आहे. तुझं शून्य शून्यच राहील. करायचा असेल तर प्रयोग कर.

मार्क नसताना प्रयोग कोण करतं?

२ ऑगस्ट, शनिवार

गेलो. ब्युरेट भरताना अर्धी अल्कली टेबलावर. पहिलं रीडिंग दहा पॉइंट एक, दुसरं आठ पॉइंट नऊ, तिसरं नऊ पॉइंट सहा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तेच लिहिलं. हात शिवशिवत होता.

तिसऱ्यांदा एका थेंबाला रंग आला, हलवल्यावर गेला, पुढच्या थेंबाला राहिला. इतका फिका की खाली पांढरा कागद धरून बघावा लागला. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. आयुष्यात किती वेळा लिहिलंय!

डॉ. लांगेंना कागद दाखवला. वाचला. म्हणाल्या, बेसिन साफ करून जा.

३ ऑगस्ट, रविवार

संकल्प: यापुढे कुणाशी खोटं बोलणार नाही. सुरुवात घरापासून.

अप्पांना फोन करून सगळं सांगितलं. एकतीस, शून्य, सतरा पॉइंट चार, ‘वी’. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्या पोरीचं काय झालं? मी म्हणालो, तिचं चांगलं झालं. ते म्हणाले, तुझ्यामुळं न्हाई झालं ते. आणि ठेवला.

मन हलकं झालं. खरं बोलण्यात मोठी ताकद आहे, हे मी मुलांना सांगितलं होतं तेव्हा मलाही पुरतं पटलं नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन. अप्पा सकाळच्या एसटीने बिलोलीला गेलेत. उदगीर, देगलूर करत. कशाला, विचारलं. आई म्हणाली, माफी मागायला. लेकरानं त्यांच्या लेकराचं नुकसान केलं, मग बापानं जाऊ नये का?

मी म्हणालो, अगं, नुकसान झालंच नाही, तिचं नाव गेलंय. आई म्हणाली, ते तू सांग अप्पाला. अप्पांचा फोन बंद.

रात्री लागला. साहेबराव काकांच्या घरीच मुक्काम करताहेत. शेवटची गाडी गेली म्हणून त्यांनी सोडलं नाही. पिठलं-भाकरी झाली म्हणाले. मागे काकांचा आवाज येत होता, अजून एक घ्या म्हणून.

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारी कॅन्टीनमध्ये लुंबिनी माझ्या टेबलापाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, अप्पांमुळे मिटलं.

उभ्यानेच बोलली. म्हणाली, मी घरी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. पप्पाला बीपी हाय. सगळं निस्तरून मगच सांगणार होते, आणि न सांगता बी चाललं असतं. काल तुझ्या अप्पांनी दारात हात जोडले, तेव्हा माझ्या घरच्यांना कळलं. आता पप्पा सकाळ-संध्याकाळ फोन करून राहिले, अजून काय लपवलंस म्हणून.

मी सॉरी म्हणालो.

तिने विचारलं, कशाकशाबद्दल?

मी खरंच आठवू लागलो, कुठून सुरुवात करावी. तेवढ्यात तिची मैत्रीण हाक मारू लागली. लुंबिनीने ट्रे उचलला. जाताना म्हणाली, तुझे अप्पा लई चांगले हायत.

मी थांबलो, अजून काही म्हणेल म्हणून.

ती खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन जेवायला बसली.