काय दिसून राह्यलं?

बाबा, काल तुमच्या नातीने बाळापूर रस्त्यावर गाडी चालवली आणि मी तिच्या बाजूला बसले होते. तुम्ही तिला कधी पाहिलंच नाही. तिचं शिकाऊ लायसन आलंय.

याच रस्त्यावर तुम्ही अकोला-बाळापूर सवारी जीप चालवायचात. मला शिकवायचं ठरलं तेव्हा आठ दिवस स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत. बाजूला बसायचं आणि दिसेल ते बोलायचं. "काय दिसून राह्यलं?" तुम्ही विचारायचात. "रस्ता मोकळा हाये," मी म्हणायचे. "मोकळा नाही. मले काही दिसलं नाही, असं म्हन." मग तुम्ही दाखवायचात, तुरीच्या पिकावर धूळ उठली आहे, म्हणजे शेतातल्या पांदणवाटेने ट्रॅक्टर येतोय. पुढच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढली, म्हणजे तो सवारीसाठी मधेच थांबणार.

नवव्या दिवशी गाडी माझ्या हाती दिलीत. फाट्यावर बस उभी होती, मी जीप बाजूने काढली, आणि बसच्या पुढून एक म्हातारी थेट समोर आली. तुम्ही हँडब्रेक ओढला. ती घाबरून खाली बसली, पिशवीतली वांगी रस्त्यावर पसरली. तुम्ही उतरून एकेक वांगं वेचलंत, तिला जीपमध्ये बसवून घरी सोडलंत. परतताना इतकंच म्हणालात, "बसच्या खालून तिचे पाय दिसत होते, बेटा. तू वरतं पाहून राह्यली होती." रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर मी स्टिअरिंग धरलं नाही. तुम्ही दोन-तीनदा "चाल" म्हणालात, मग म्हणणं सोडलंत, आणि दोन वर्षांनी गेलात. तेव्हापासून मी ऑटोने आणि बसनेच फिरले.

पोरीला क्लासमध्ये क्लच-ब्रेक शिकवला, पाहायला कोणी शिकवलं नाही. म्हणून मी बाजूला बसून तुमचाच प्रश्न विचारू लागले. पहिले दोन दिवस तिचं एकच उत्तर, "काही नाही, आई." काल मात्र, मी समोरच्या ट्रककडे बघत असताना तिने हळूच ब्रेक दाबला.

"काहून थांबली?"

"त्या ऑटोचं पुढचं चाक वळलं ना."

कडेला उभा असलेला ऑटो मागे न बघता रस्त्यावर आला, आमच्या पुढून निघून गेला. मला तो दिसलाच नव्हता, बाबा. तिला दिसला. मग गाडी कडेला घ्यायला लावून मी तिला म्हटलं, सरक, थोडी मी चालवते. पारसच्या फाट्यापर्यंत चालवली. दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही, मागून हॉर्न वाजत होते, पण चालवली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, हे बोलून दाखवायचं तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "असंच, पाहून पाहून." तुमचं नाव घेतलं असतं तर तिच्यासमोर रडले असते. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, पण उद्या गाडीत बसल्यावर तिला खरं सांगते.