राहत्या घराचा सौदा

जेनोआ, १५ फेब्रुवारी १९९८

प्रिय एत्सिओ,

कसा आहेस? तिकडे रॉटरडॅमला हाडं गोठवणारी थंडी असेल. इथे डोंगरावरच्या वाऱ्याने आठवडाभर खिडक्या खडखडवल्या, आज जरा शांत आहे. फुल्विओची पाठ पुन्हा धरली आहे, तरी बसडेपोत जातो. मी ठीक. तुझं नाताळचं कार्ड पोचलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. आणि खरं सांगायचं तर मलाही आजकाल फोनवर बोलवत नाही. दिवसभर दलालांशी बोलून तोंड दुखतं.

तुला माहीत नसेल, आम्हाला घर सोडायचं आहे. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्याला जागा हवी. जुलैअखेरची मुदत दिली आहे. फुल्विओ म्हणाला, या वयात पुन्हा भाड्याचं नको, आता स्वतःचं घेऊ. म्हणायला सोपं. ऑक्टोबरपासून दर शनिवारी मी लोकांच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्या फरशांचं कौतुक करते आहे. एक घर ‘समुद्र दिसतो’ म्हणून दाखवलं. दिसत होता, पण न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर उभं राहिलं तर. फुल्विओ चढला, आणि उतरताना पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

पद्धत अशी असते. घर आवडलं की दलालाच्या कचेरीत बसून कागदावर आपली किंमत लिहायची, सही करायची, सोबत चेक द्यायचा. दलाल चेक खणात ठेवतो आणि कागद मालकाकडे नेतो. मालक हो म्हणाला तर सौदा पक्का, नाही म्हणाला तर चेक परत. आमचा चेक चारदा परत आला. शेवटच्या वेळी तर मालकीण हो म्हणाली होती, पण संध्याकाळी तिचा कुठलासा चुलतभाऊ उगवला आणि घर घरातच राहू दे म्हणाला. मी तोवर मनातल्या मनात तिथले पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

आमचा दलाल ओनेतो. साठीचा माणूस, गुडघे गेलेले, आणि या गावात हा धंदा म्हणजे नुसते जिने. प्रत्येक मजल्यावर थांबून तो कठड्याच्या नक्षीची तारीफ करतो, म्हणजे धाप लागली ते कळत नाही. गेल्या आठवड्यात त्याने चेक परत देताना माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं.

“सिन्योरा, खरं बोलू का? तुमच्या पैशात घर येईल, पण रिकामं नाही येणार.”

“म्हणजे भाडेकरूसकट?”

“म्हाताऱ्यासकट.”

उघडी मालकी म्हणतात त्याला. एखादी म्हातारी आपलं घर विकते, पण मरेपर्यंत तिथेच राहायचा हक्क स्वतःकडे ठेवते. भिंती आपल्या, राहणं तिचं. स्वस्त पडतं, कारण वाट पाहावी लागते. ओनेतोकडे वयांचा तक्ता आहे. विकणारं माणूस जितकं म्हातारं, तितकी किंमत चढी. फुल्विओ म्हणाला, अहो, पण आम्हाला जुलैतच छप्पर पाहिजे. तर ओनेतो म्हणतो, “तोवर डोंगरापलीकडे कुठेतरी स्वस्तातलं भाड्याचं बघा. हे म्हातारपणासाठी. तुम्ही काय कायम पन्नाशीतच राहणार आहात?”

एक बघायलाही गेलो. निवृत्त ट्रामवाला, एकटा. आम्ही आत शिरल्यापासून तो असा काही खोकायला लागला की विचारू नकोस. आपण लवकर जाऊ असं वाटलं तर गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. ओनेतो त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “काका, जरा बेतानं. सही व्हायच्या आधीच जाताय असं वाटेल त्यांना.” म्हातारा लगेच बरा झाला आणि त्याने आम्हाला वाइन दिली. फुल्विओ जिनाभर हसत होता. मला हसू आलं नाही. निघता निघता मी त्याच्या उशाशी औषधाच्या बाटल्या किती आहेत ते बघून घेतलं होतं. माझी मलाच शिसारी आली.

आई बरी आहे. मी रविवारी जातेच. तिने तुला एवढ्यात काही लिहिलं का, घराबद्दल वगैरे? लिहिलं असेल तर कळव. नसेल तर राहू दे.

तुझी ताई,
लोरेदाना


जेनोआ, २२ मार्च १९९८

प्रिय एत्सिओ,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं का होईना, मिळालं. इथे सगळे ठीक. ‘घराबद्दल काय?’ असं विचारलंयस. मागच्याच पत्रात सांगायचं होतं, पण हात पुढे सरकला नाही.

त्या ट्रामवाल्याच्या आदल्या दिवशी ओनेतोने टेबलावर आणखी एका घराचे फोटो मांडले होते. “एकोणऐंशी वर्षांची विधवा, कास्तेलेत्तो, तिसरा मजला, उजेड भरपूर,” असं तो सांगत होता. पहिल्याच फोटोत संगमरवरी मोरी होती, आणि तिचा कोपरा उडालेला होता. तू अक्रोड फोडताना उडवलेला तोच. दुसऱ्यात बाबांची खुर्ची. दाराच्या मागे आईचा एप्रन लटकत होता. फुल्विओने टेबलाखालून माझा पाय दाबला आणि आम्ही दोघंही शहाण्यासारखे गप्प बसलो.

“बाई ठणठणीत आहे, तेवढीच काय ती अडचण,” ओनेतो म्हणाला. “भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढते, आणि वर मलाच विचारते, दमलात का म्हणून.”

घर आईला तिच्या मावशीकडून आलेलं, तिच्या एकटीच्या नावावर. ती ते विकू शकते, जाळूही शकते. पण मी रविवारी तिच्यासमोर बसून तिने केलेलं मिनेस्त्रोनेचं, भाज्यांचं सूप पिते, आणि ती मला वरून चीज घालते, आणि त्यातलं एक अक्षर सांगत नाही. मलाही विचारता आलं असतं. त्याच संध्याकाळी जाऊन विचारायला हवं होतं. मी इतकी दमले आहे, एत्सिओ, की मला आणखी एक नकार समोरासमोर ऐकायचा नव्हता. तो कागदावरच यावा असं वाटलं.

म्हणून आम्ही कागद दिला. सवोनाला फुल्विओची चुलतबहीण असते, ग्रात्सिएल्ला. आईने तिला कधी पाहिलेलं नाही. त्या कागदावर एक सोय असते, ‘मी, किंवा मी पुढे जिचं नाव देईन ती व्यक्ती’ असं लिहून सही करता येते. खरं नाव शेवटी, नोटरीसमोर. सही ग्रात्सिएल्लाची, चेक आमचा. ओनेतोलाही अजून ठाऊक नाही. अलेस्सांद्रियाच्या कुणा केमिस्टनेही मागणी घातली आहे, पण आमची त्याच्यापेक्षा थोडी वर आहे. आईचं उत्तर यायचं आहे.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. डिसेंबरमध्ये मी आईला हृदयाच्या तपासणीला नेलं होतं. तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला एक आकडा सांगितला. मी तो कुणाजवळ बोलले नाही, फुल्विओजवळसुद्धा नाही. ओनेतोच्या तक्त्यात आईच्या वयापुढे वेगळा आकडा आहे, बराच मोठा. तो म्हणत होता, “एवढी वर्षं थांबायची तयारी ठेवा हं,” आणि फुल्विओ मान हलवत होता, आणि मी ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग मी म्हणाले, देऊ या मागणी.

हे मी केलं. आईच्या बाबतीत केलं. त्यानंतरच्या रविवारीही मी जेवायला गेले आणि दोनदा वाढून घेतलं.

तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.

तुझी ताई,
लोरेदाना


जेनोआ, २४ मे १९९८

प्रिय एत्सिओ,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्यातल्या शिव्या मला लागू आहेत, त्या ठेवून घेतल्या. फुल्विओ बरा आहे. हवा उबदार झाली आहे. दोन्ही पत्रांत तू एकच प्रश्न विचारला आहेस, त्याचं उत्तर शेवटी देते. आधी झालं ते सांगू दे.

ईस्टरनंतर ओनेतोचा फोन आला. मालकिणीला आमची किंमत पसंत होती, पण एक अट होती. “म्हणते, जो वाट बघत बसणार त्याचं तोंड बघितल्याशिवाय सही करणार नाही. असली बाई मी बघितली नाही.” ग्रात्सिएल्लाने सरळ हात वर केले, म्हणाली, तुझ्या आईसमोर मी खोटं बोलणार नाही. फुल्विओ म्हणाला, कागद मागे घेऊ आणि गप्प बसू. पण मला त्या लपवाछपवीचाही कंटाळा आला होता. मी ओनेतोला म्हटलं, नाव माझं द्यायचं आहे, मीच येते. ती आपली आई आहे हे काही त्याला सांगितलं नाही.

ओनेतो तीन मजले चढून घामाघूम झाला होता. आईने दार उघडलं. तिने केसांना तेवढ्यासाठी फणी फिरवलेली होती. ओनेतो अदबीने म्हणाला, “सिन्योरा, याच त्या. ज्यांचं नाव पुढे यायचं होतं त्या.”

आईने माझ्याकडे पाहिलं.

“यांना मी ओळखते,” ती म्हणाली. “रविवारी जेवायला असतात.”

ओनेतो काही मूर्ख नाही. खाली काहीतरी विसरलं असं पुटपुटत तो त्या गुडघ्यांनी पुन्हा तीन मजले उतरून गेला.

आईने कॉफी ठेवली. मी बाबांच्या खुर्चीवर बसले नाही, दुसरी ओढली. माझ्याकडे पाठ करूनच ती बोलायला लागली.

“किती धरलंस?”

“काय किती?”

“डॉक्टर बोलला तेवढंच धरलंस, की थोडं वर? मला दाराबाहेर बसवलं म्हणजे मी बहिरी झाले काय गं?”

मला सुचलं ते इतकं वाईट होतं की तुला लिहायचीही लाज वाटते. मी म्हणाले, “मग ओनेतोला सांगायचंस. तुला जास्त मिळाले असते.”

“मी घर विकायला काढलंय,” आई म्हणाली. “आजार नाही.”

मग तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पैशाचं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाली, सांभाळायला एक बाई ठेवणार, तुला तुझा नवरा आणि त्याची पाठ पुरे आहे. मी म्हटलं, “मग मला का नाही सांगितलंस? आम्हीच घेतलं असतं. घरातच राहिलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं. मला परक्यालाच विकायचं होतं. तो केमिस्ट माझ्या मरणाची वाट बघेल. बघू दे, पैसे दिलेत त्याने. तो माझा कोण लागतो? त्याने बघितली काय, नाही बघितली काय. पण तू रविवारी येतेस, मी दार उघडते, आणि तू माझ्याकडे बघतेस. तेवढ्यासाठी मी सकाळपासून भाजी चिरत असते. घर तुझं झालं की तू माझ्याकडे बघशील ते वेगळं बघशील. तू वाईट आहेस म्हणून नाही. कुणीही बघेल. मीसुद्धा बघितलं असतं. मला ते बघायचं नव्हतं, एवढंच.”

मी रडले. ती म्हणाली, “कॉफी पी, गार होतेय.”

आमचा चेक पाचव्यांदा परत आला. ओनेतोने तो पाकिटात घालून दिला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. मेच्या सुरुवातीला आईने नोटरीसमोर केमिस्टला घर विकलं. बिचारा लाजाळू माणूस आहे, अधूनमधून फोन करून चौकशी करतो. आई त्याला “एकदम ठणठणीत” असं सांगते आणि फोन ठेवून हसते. आम्हाला डोंगरापलीकडे बुसाल्लाला भाड्याची जागा मिळाली आहे. दोन खोल्या, रेल्वेचा आवाज, पण कोरडी आहे. जुलैत जाऊ. घर मिळालं नाही याचं मला आता फारसं काही वाटत नाही. तेवढी ताकदच उरलेली नाही.

दुसरंच वाटतं. परवाच्या रविवारी मी गेले. मी ठरवून गेले होते, पूर्वीसारखं तिच्या तोंडाकडे बघायचं, हसायचं, आत जायचं. आईने दार उघडलं. मी बघितलं तर ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मी कुठे बघते ते ती बघत होती. मी घाबरून नजर खाली घातली, तर ती म्हणाली, “पायांना काही सूज नाही.” मग आम्ही जेवलो. चांगलं झालं होतं सगळं. ती बोलत होती, मी बोलत होते, आणि दोघीही ताटाकडे बघत होतो. सौदा झाला नाही, तरी तिचे रविवार मी घालवलेच.

आता तुझा प्रश्न. डॉक्टरांनी कोणता आकडा सांगितला, ते मी तुला सांगणार नाही. पुन्हा विचारू नकोस, आईलाही विचारू नकोस. लवकर ये असं मी म्हणत नाही आणि सावकाश ये असंही म्हणत नाही. तीन वर्षं झाली तू आला नाहीस, त्याबद्दलही आता काही म्हणत नाही. फक्त ये. कळवू नकोस, वर जा आणि दार वाजव. ती दार उघडेल तेव्हा तिच्याकडे नुसतं बघू शकेल असा आपल्यात आता तू एकटाच राहिला आहेस.

अजूनही तिची मुलगी, आणि तुझी ताई,
लोरेदाना