काजळाचा तीळ

कात्रज, पुणे
८ डिसेंबर २००४

तीर्थरूप मामांस,
प्रज्ञेशचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे आई ठीक आहे आणि मी तोंड लपवून आहे. (ई-मेलच करणार होतो, पण तुमचे ई-मेल तुमचा सौरभ उघडतो आणि मामींसमोर मोठ्यानं वाचतो. हे पत्र मामींच्या हाती लागता कामा नये.)

मामींच्या साठीला त्यांच्या लाडक्या इंद्रजित वाघोलीकरांचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र देईन, खाली खुद्द त्या नटाची सही घेऊन, असा शब्द मी दिवाळीत सगळ्यांदेखत देऊन बसलो. योगायोग असा, की आमच्या हिंजवडीच्या कंपनीच्या वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून तेच येणार होते. आमच्या मॅनेजर सुनीती मॅडम म्हणाल्या, चित्र स्टेजवरच दाखवा आणि तिथंच सही घ्या.

माझ्या चित्रांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. फोटोवर आणि कागदावर सारख्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. त्याला डोकं लागत नाही, नुसते डोळे लागतात. इंटरनेटवर वाघोलीकरांचे फोटो ढिगानं आहेत, पण सगळे घासूनपुसून गुळगुळीत केलेले. गालावर एक सुरकुती दिसेल तर शपथ. पेन्सिलवाल्यानं तिथं करायचं काय? शेवटी एक मनासारखा सापडला. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गालावर तो प्रसिद्ध तीळ. तीळ जरा पसरट वाटला, कडेला फराटा होता. तो फराटाही मी जीव ओतून जसाच्या तसा उतरवला. (ऑफिसचं काम मी इतक्या काळजीनं कधी केलेलं नाही, हे सुनीती मॅडमनी नंतर बोलूनही दाखवलं.)

कार्यक्रमात मॅडमनी माईकवरून माझं तोंड भरून कौतुक केलं. वाघोलीकरांनी वरचा कागद काढला, चित्र लांब धरलं, मग जवळ घेतलं. आणि माईक तोंडाशी नेऊन म्हणाले, "चित्र अप्रतिम आहे. पण अहो, हा मी नाही, हा आमचा दशरथ! ऑर्केस्ट्रात माझी नक्कल करतो. हा बघा, काजळाचा तीळ." मामा, अख्खं सभागृह हसलं, चहा देणारेसुद्धा. मी चित्र घेऊन पायऱ्या उतरलो. सही मागायचं तोंड कुणाला होतं? तेव्हापासून कंपनीच्या बसमध्ये शेजारचे गृहस्थ रोज माझं ओळखपत्र निरखून विचारतात, "फोटोतले आपणच ना?"

तो फोटो ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीतला निघाला. ऑर्केस्ट्रावाल्यांकडून कळलं, की दशरथ दिवसा मंडईत लिंबं-मिरच्या विकतो. रविवारी चित्र बगलेत मारून मी तिथं गेलो. खरं सांगतो, भांडायलाच गेलो होतो. लोकांची अशी फसवणूक करणं तुम्हाला शोभतं का, वगैरे वाक्यं वाटेत पाठही केली होती. त्यानं टॉवेलला हात पुसले, चित्र घेतलं आणि शेजारच्या भाजीवालीला हाक मारली, "मावशे, हे बघ, माझं चित्र काढलंय!" कपाळावरच्या आठ्यांवरून बोट फिरवायला गेला, पण डाग पडेल म्हणून हात मागे घेतला. त्यानं मला चहा पाजला आणि निघताना पिशवीत लिंबं टाकली, पैसे घेतले नाहीत.

चित्र कालच आमच्या शेजारच्या सर्जेरावांच्या हाती पुढे पाठवलं आहे. खाली सही आहे. साठीच्या दिवशी मामींना द्यावं. दिलेला शब्द पाळला, असं म्हणायला हरकत नाही.

आपला भाचा,
प्रज्ञेश

ता.क. सही 'इंद्रजित वाघोलीकर' अशीच आहे, पण ती दशरथनं केली आहे. गावोगावी कार्यक्रम संपल्यावर लोक वह्या पुढे करतात, तेव्हा तो तीच करतो, हुबेहूब येते. मंडईत मी पेन्सिल पुढे केली, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "साहेब, माझी करू का त्यांची?" मी म्हणालो, "त्यांची." तो "बरं" म्हणाला आणि त्यानं ती केली. लिंबं त्यानं त्याच्यानंतर दिली. मामा, मला फार लाज वाटते. सभागृह हसलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

दुसरा ता.क. म्हणून विनंती अशी, की चित्र मामींना देऊच नये, ताबडतोब परत पाठवावं. सही खोडतो आणि ते दशरथला नेऊन देतो. मामींसाठी दुसरं काढीन, एखाद्या गुळगुळीत फोटोवरून, बिनसहीचं.

तिसरा ता.क. सर्जेराव आधी पोहोचले असतील आणि मामींनी चित्र भिंतीवर लावलंही असेल, तर खरं काय ते त्यांना तुम्हीच सांगा. फक्त मी कळवलं असं म्हणू नका. सही बघून तुम्हालाच संशय आला म्हणा. तहसील कचेरीत तुम्ही जन्मभर सह्याच तपासल्यात, त्यांना पटेल.