टोपीखालचं कपाळ

पुंडलिकनगर, ३ डिसेंबर २०२५

ती. कडूअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू रातोरात विणलेली टोपी, दोन जुनी दुपटी आणि देवीचा अंगारा पोचला. पार्सलचे साठ रुपये पडले. तुझा बद्रीनाथ शहागंजला माल घ्यायला येतोच, त्याच्याजवळ देत जा. हे पत्रही त्याच्याच हाती धाडते. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इंद्रजीतची सोनिया बरी आहे. नात रविवारी झाली, दोन महिने आधीच, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टर म्हणाले, घशात नळी घालत नाही. नाकाशी मऊ नळ्या लावून हवा देऊ, म्हणजे फुप्फुस मिटणार नाही. श्वास तिचा तिनंच घ्यायचा. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलंय. पाणी बुडबुडतं तोवर हवा पोचते. त्या नळ्या टोपीलाच बांधतात. तुझी टोपी भिवयांपर्यंत घट्ट बसली. सिस्टर जाहेदांनी नावाजली. इंद्रजीत म्हणतो, मावशीला माझा स्वेटर मात्र कधी मापात जमला नाही.

अंगारा आत नेऊ देत नाहीत, देव्हाऱ्यात ठेवलाय. माझ्यावर आहे तेवढीच माया या इवल्या जिवावर असू दे.
तुझी गीता

खुलताबाद, ४ डिसेंबर

चि. सौ. गीतास,
अ. उ. आ.

पत्र वाचून जिवात जीव आला. पण बाई, उद्या सहावी. सटवाई येऊन कपाळावर लेख लिहिती, अन् तिथं तर माझीच टोपी. झाकल्या कपाळावर ती लिहील कुठं? सिस्टरच्या हातापाया पड, घडीभर वर सरकव. मशीन थांबंल घडीभर, सटवाई नाय थांबायची. पूजेला कोरा कागद अन् लेखणी बद्रीनाथजवळ दिलीय.

सोनियाला लई जप. आशीर्वाद.
कडूअक्का

पुंडलिकनगर, १४ डिसेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न.

नात मंगळवारी गेली. रक्तात जंतू झाले. श्वास घेता घेता दमली.

सहावीला मी सिस्टरना विचारलं होतं. त्यांनी मला बाटलीपाशी नेलं. म्हणाल्या, टोपी बोटभर सरकली की नळी निसटते, मग हे पाणी गप्प होतं. मी ती बुडबुड ऐकत उभी राहिले. टोपीला हात लावला नाही. घरी पाटावर तुझा कागद ठेवला आणि सटवाईला म्हटलं, बाई, यंदा इथंच लिही.

तुझं पत्र सोनियानं वाचलेलं होतं. पोर गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आई, टोपी सरकवली नव्हती ना?" मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही, पटावं तरी कसं. मग सिस्टरनी नळ्या सोडल्या, टोपी काढली. कपाळावर तुझ्या विणीच्या बारीक ओळी उमटल्या होत्या, एकही हललेली नव्हती. सोनिया त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

टोपी पोरीसोबत मातीला दिली. तू मनाला लावून घेऊ नको.

शेजारच्या काचेच्या पेटीतलं बाळ अजून ढिल्या टोपीत आहे. त्याच्या डोक्याचं माप दोऱ्याला गाठ मारून सोबत घातलंय. उरलेल्या लोकरीत तेवढी होईल का, उलट टपाली कळव.
गीता